झाकली मूठ कोणाची?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बैठकीच्या पत्रकावर आजचा विषय 'खासगीपणाचा हक्क' असा छापला आहे. तो वाचून सकाळी चहाच्या टपरीवर एक म्हातारे कास्तकार आम्हाला म्हणाले, "साहेब, आमच्यापाशी झाकून ठेवासारखं राह्यलंच काय? कर्ज गावाला माहीत, सातबारा पटवाऱ्याच्या दप्तरात, अन् घरातला कापूस त दारातूनच दिसते."

बाबांचे म्हणणे खोटे नाही. शहरातला माणूस खासगीपणा म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यापुढे बंद दाराचा फ्लॅट असतो. आपल्या घराला दार असते, पण ते दिवसभर उघडेच असते. म्हणून हा विषय आपला नाही असे वाटते. आम्ही आज उभे आहोत ते हे सांगायला, की हा विषय आपल्या मालाच्या भावाचा आहे.

दिवाळीनंतर खेडा खरेदीचा व्यापारी ओसरीवर येऊन बसतो. पाणी पितो, पोराबाळांची चौकशी करतो. त्याला खरे जाणून घ्यायचे असते ते वेगळेच. घरात किती क्विंटल आहे? सोसायटीची मुदत कधी संपते? पोरीचे लग्न याच वर्षी की पुढच्या? आणि आपण काय म्हणतो? "पाहू, काही घाई नाही." घाई असते. गळ्याशी आलेली असते. पण ती दिसू दिली नाही तर क्विंटलमागे शंभर-दोनशे रुपये राखता येतात, हे आपल्या आजोबांनाही कळत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती हीच.

आता व्यापाऱ्याच्या मुठीकडे पाहा. जुन्या बाजारात सौदा रुमालाखाली होत असे. दलाल आणि खरेदीदार एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत आणि ज्याचा माल, तो कास्तकार बाजूला उभा राहून नुसता रुमाल पाही. गुरांच्या बाजारात ही रीत आजही कुठेकुठे दिसते. बाजार समितीच्या कायद्याने शेतमालासाठी हा प्रकार बंद केला आणि उघड लिलाव आणला. बाजार समित्यांबद्दल आमचे मत काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, ते आज उगाळत नाही. पण एवढे ध्यानात घ्या, की कायद्याने तेव्हा बळवंताचा रुमाल उचलला होता, शेतकऱ्याची मूठ उघडली नव्हती. आजच्या प्रत्येक कायद्याला आपण हेच माप लावणार आहोत.

गेल्या काही वर्षांत आपल्याबद्दल सरकारदरबारी काय काय जमा झाले ते पाहू. आधारला बँक खाते जोडले. सातबारा संगणकावर गेला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, म्हणजे बांधावर उभे राहून पिकाचा फोटो, आणि त्या फोटोबरोबर ती जागा कुठली हेही नोंदले जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल कृषी मिशनला २,८१७ कोटी रुपये मंजूर केले. त्यात ॲग्रिस्टॅक म्हणून जे आहे त्याच्या तीन वह्या आहेत: शेतकऱ्यांची नोंदवही, गावनकाशांची नोंदवही आणि कोणी काय पेरले त्याची नोंदवही. या तिन्ही वह्या ज्या दोरीने बांधल्या आहेत ती दोरी म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक. आपल्या राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी तो सक्तीचा झाला.

यात सगळेच वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. पटवारी घरी बसून तुरीच्या जागी ऊस लिहीत असे, ते दिवस आपण पाहिले आहेत. नुकसानभरपाई सरळ खात्यात येते, मधल्या चार हातांना चिकटत नाही, हा फायदा लहान नाही. शास्त्र आणि यंत्र यांना आमचा विरोध कधीच नव्हता. शेती शास्त्राची पदवी घेऊन आम्ही निघालो ते शास्त्रावर विश्वास ठेवूनच.

पण एक कबुली देऊन टाकतो. पदवीनंतरच्या काळात आम्हीही तक्ते घेऊन गावोगाव फिरलो. किती एकर, किती उतारा, किती कर्ज, कोणाकडून. माणसे भाकरी वाढायची आणि सगळे सांगायची. हे कागद पुढे कुठे जातात, असे आम्हाला एकानेही विचारले नाही. आम्ही सांगितले नाही, कारण आम्हालाच ते माहीत नव्हते. तेव्हा ते कागद गोदामात धूळ खात पडत. आज तोच तक्ता बोटभर दांडीत मावतो आणि एका क्षणात देशाबाहेर जातो. मागच्या खरिपाआधी एका गावात बियाण्याच्या प्रात्यक्षिकाला आलेल्या पोराने हजर असलेल्यांची नावे, मोबाईल नंबर आणि एकर वहीत उतरवून घेतले. आठ दिवस गेले नाहीत तोच त्या गावात ट्रॅक्टरच्या कर्जाचे, फवारणीच्या औषधांचे, विम्याचे फोन सुरू झाले. फोन करणाऱ्याला समोरच्याची जमीन किती ते ठाऊक होते.

या माहितीला किंमत किती? २०१३ साली मोन्सॅन्टो कंपनीने अमेरिकेत क्लायमेट कॉर्पोरेशन नावाची एक कंपनी सुमारे ९३ कोटी डॉलर मोजून विकत घेतली. मोन्सॅन्टो आपल्याला बीटीच्या पाकिटामुळे माहीत आहे. या दुसऱ्या कंपनीकडे ना बी होते, ना कारखाना. तिच्याकडे हवामानाची आणि शेताशेताची माहिती होती आणि ती वाचण्याची हातोटी होती. बियाणे विकणारा एवढे डॉलर कशाला मोजतो, याचा विचार ज्याचा त्याने करावा. आणि एप्रिल २०२१ मध्ये आपल्या कृषी मंत्रालयाने मायक्रोसॉफ्टबरोबर सहा राज्यांतल्या शंभर गावांत प्रयोग करण्याचा करार केला, तेव्हा शेतकऱ्यांच्या माहितीबद्दल देशात कोणताही संरक्षक कायदा अस्तित्वात नव्हता. देशभरातल्या ५५ संघटनांनी त्याच वेळी लेखी हरकत घेतली होती.

अमेरिकेतला शेतकरी याबाबत आपल्यापेक्षा आधी जागा झाला. तिथल्या २००८ च्या शेती कायद्यात १६१९ क्रमांकाचे कलम आहे. सरकारी योजनेत भाग घेण्यासाठी शेतकऱ्याने आपल्या जमिनीची, पिकाची, कामाची जी माहिती दिली ती कृषी खात्याने बाहेर देऊ नये, असे ते सांगते. त्याच कलमात पुढे असेही आहे, की कोणाला सरकारी तिजोरीतून किती पैसा मिळाला ही माहिती मात्र या बंदीत येत नाही. शेत झाकलेले, तिजोरी उघडी. आम्हाला हा भेद फार मोलाचा वाटतो. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

आता आपल्या देशातली गोष्ट.

उत्तर प्रदेशात खडकसिंग नावाचा एक माणूस होता. त्याच्यावर दरोड्याचा आळ आला, पुरावा मिळाला नाही, सुटला. तरी पोलिसांनी त्याच्या नावाची वही उघडली. रात्री-बेरात्री दारावर थाप, आहे का घरात म्हणून. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ मध्ये सहा न्यायमूर्तींनी निकाल दिला, की रात्री घरात शिरणे चूक आहे. पण बहुमताने असेही म्हटले, की खासगीपणाचा हक्क म्हणून काही घटनेत नाही. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी वेगळे मत लिहिले, की हा हक्क माणसाच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. ते मत पंचावन्न वर्षे कागदावर पडून राहिले.

पुढे आधार आले. २०१२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी त्याविरुद्ध अर्ज केला. सरकारच्या वकिलांनी खडकसिंगच्या निकालाकडे बोट दाखवले आणि असाही मुद्दा मांडला, की खासगीपणा हे सुखवस्तू लोकांचे प्रकरण आहे, गरीब देशात आधी पोटाचे पाहावे. आपले टपरीवरचे बाबा भोळेपणाने जे बोलले तेच सरकारने दिल्लीत हुशारीने मांडले म्हणा ना! २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने उत्तर दिले: खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि गरिबाला फक्त भाकरी हवी, हक्क नको, हे म्हणणे मान्य करता येत नाही. सरकारला या हक्काला हात घालायचा असेल तर तीन गोष्टी लागतील. त्यासाठी कायदा पाहिजे, हेतू रास्त पाहिजे, आणि त्या हेतूला लागेल तेवढाच हात घातला पाहिजे.

पहिली अट आठवून ॲग्रिस्टॅककडे पाहा. संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केलेला नाही. मंत्रिमंडळाचा निर्णय आणि शासन निर्णय, यांवर गाडा चालला आहे. शासन निर्णय म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तो आज एक असतो, उद्या शुद्धिपत्रक निघते.

२०१८ साली न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने माहितीच्या संरक्षणासाठी मसुदा दिला. तो बदलत बदलत, मधे एक विधेयक मागे घेऊन, ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात आणखी अठरा महिन्यांची मुदत दिली. कायदा आम्ही वाचला. त्यात चांगले आहे ते आधी सांगतो. माहिती घेणाऱ्याने कशासाठी घेतो ते सांगून संमती घ्यावी, आणि ते मराठीतून वाचायला मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. दिलेली संमती परत घेता येते. खासगी कंपनीने माहिती नीट राखली नाही तर अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे.

आता बाकीचे ऐका. तो दंड देशाच्या संचित निधीत जातो. ज्याचे खाते रिकामे झाले त्याला या कायद्याखाली छदामही मिळत नाही. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली असे ठरले तर तक्रार करणाऱ्यालाच दहा हजारांपर्यंत दंड. निवाडा करणारे मंडळ केंद्र सरकार नेमणार. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकारचे कोणतेही खाते कायद्यातून पूर्ण वगळण्याची मुभा सरकारलाच. आणि आपल्या कामाचे म्हणजे सातवे कलम. अनुदान, लाभ, दाखला देण्यासाठी सरकार आपली माहिती नव्याने संमती न विचारता वापरू शकते. माझ्याबद्दल काय लिहून ठेवले आहे ते दाखवा, चुकले असेल ते सुधारा, असे मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, पण तो संमतीने दिलेल्या माहितीपुरता. अनुदानाच्या वाटेने गेलेली आपली वही त्यातून सुटते.

इथे आम्हाला सुपे आठवते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या काढून जाळल्या. माणसांवर फारसा हात टाकला नाही, कागदावर राग काढला. का? सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे ते शेतकऱ्याला दिसत नव्हते, आणि जे दिसत नाही त्यावरच त्याची जमीन जात होती. इंग्रज सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात होते की रोखा गावच्या निबंधकासमोर लिहावा, पैसे भरले की पावती द्यावी, ऋणको मागेल तर दरसाल हिशेब द्यावा, पासबुक द्यावे. परक्या सरकारने सावकाराला वही उघडायला लावली. आपल्या सरकारने दीडशे वर्षांनी स्वतःच सर्वांत मोठी वही घातली आहे, तेव्हा तिची नक्कल मागितली तर त्यात राग यायचे कारण नाही.

सर्वांत जास्त खटकते ते पुढेच आहे. याच कायद्याच्या ४४ व्या कलमाने माहितीच्या अधिकाराचा लचका तोडला. २००५ च्या कायद्यात ८(१)(ञ) असे कलम होते. कोणाची वैयक्तिक माहिती मागितली आणि तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल तर ती नाकारता येत होती, पण त्यात व्यापक जनहिताची वाट ठेवली होती. शिवाय जी माहिती विधानसभेला नाकारता येत नाही ती साध्या माणसालाही नाकारता येणार नाही, असे एक सुंदर वाक्य होते. नोव्हेंबर २०२५ पासून ते सगळे गेले. आता फक्त 'वैयक्तिक माहिती' एवढे दोन शब्द राहिले. कागदावरच्या विहिरी आपल्या कार्यकर्त्यांनी कशा पकडल्या? यादीतले नाव आणि गट नंबर घेऊन शेतात गेले आणि तिथे खड्डाही नव्हता. उद्या तो अधिकारी म्हणेल, लाभार्थ्याचे नाव वैयक्तिक आहे. कंपन्यांना दीड वर्षाची सवलत, आणि हे मात्र तात्काळ लागू. शेत उघडे, तिजोरी झाकलेली. अमेरिकेतल्या कलमाच्या बरोबर उलट.

तरी हात टेकू नका. माहिती अधिकाराचे ८(२) कलम शाबूत आहे. नुकसानीपेक्षा जनहित मोठे असेल तर माहिती देता येते. कलम ४ मध्ये अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील खात्याने आपणहून प्रसिद्ध करावा असे लिहिलेले आहे. यापुढे अर्ज करताना ही दोन्ही कलमे अर्जातच लिहा.

आता अंगठ्याविषयी. २०१७ च्या कर्जमाफीत ऑनलाइन अर्जासाठी आपण केंद्रांपुढे रांगा लावल्या तेव्हा कापूस वेचून, बोंडाच्या टोकांनी सोललेले अंगठे यंत्राला ओळखू येत नव्हते. म्हणजे खऱ्या माणसाला यंत्र ओळखत नाही. खोट्याला ओळखते का? तेलंगणात २०१८ साली एका सिमकार्ड विक्रेत्याने जमीन नोंदणीच्या संकेतस्थळावरून दस्त उतरवून घेतले, त्यांवरच्या अंगठ्यांचे रबरी ठसे केले आणि हजारो सिमकार्डे चालू केली. पुढे अशाच ठशांनी आधारच्या यंत्रावरून लोकांच्या खात्यांतले पैसे काढल्याची प्रकरणे इतर राज्यांतही घडली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा बदलून कुठून आणायचा? प्रधानमंत्री किसान सन्मान निधीच्या संकेतस्थळाच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक उघडे पडत असल्याचे २०२२ मध्ये एका अभ्यासकाने दाखवून दिले, मग ते भोक बुजवले गेले. त्याच्या आधी कोणी किती उतरवून घेतले, हे विचारायचे कोणाला?

यंत्राने दिलेला धोका थोडाफार यंत्रानेच अडवता येतो. आधारचा अंगठा आणि डोळा बंद करून ठेवता येतो, म्हणजे कुलूप लावल्यासारखे. लागेल तेव्हा उघडायचा. १९४७ हा त्यांचा फुकटचा फोन नंबर आहे, तिथे रीत विचारा. शेवटचे चारच आकडे दिसतील अशी आधारची प्रत मिळते, जिथे चालेल तिथे तीच द्या. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवे लिहा, कोणाला, कशासाठी, कोणत्या तारखेला. पैसे गेलेच तर १९३० वर फोन आणि त्याच दिवशी बँकेला लेखी अर्ज. खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मोकळीक देणारा भाग न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द केला. २०१९ च्या दुरुस्तीने 'स्वखुशीने दिले तर' अशी फट पुन्हा ठेवली. कृषी केंद्रावर युरियाच्या पोत्यासाठी उभ्या असलेल्या माणसाची स्वखुशी किती असते ते आपण जाणतो.

मायबहिणींना एक विचारतो. किती जणींच्या नावावर सातबारा आहे? आणि त्यांतल्या किती जणींच्या नोंदणीला स्वतःचा मोबाईल नंबर आहे? जमीन बाईची, ओटीपी पोराच्या फोनवर. मग संमती कोणी दिली? घरी गेल्यावर हे आधी तपासा. आणि ठोक्याने किंवा बटईने करणारा जो आहे त्याचे नाव तर या वहीत कुठेच नाही. पेरा त्याचा, फोटो त्याच्या घामाचा, नोंद मालकाच्या नावावर. तो प्रश्न वेगळा आहे, त्यावर पुढच्या बैठकीत बोलू.

सरकारकडे मागायचे काय? ॲग्रिस्टॅकसाठी विधिमंडळात आणि संसदेत चर्चा होऊन कायदा व्हावा. पिकाची नोंद ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरावी. कर्ज देणारा, माल घेणारा, बी-औषध विकणारा यांना एकेका शेतकऱ्याचा आकडा मिळू नये. बेरीज मात्र सर्वांना एकाच दिवशी मिळावी. जिल्ह्यात कापूस किती, ज्वारी किती हे बड्या व्यापाऱ्याला त्याच्या वाटेने कळतेच, कास्तकाराला कळत नाही. आणि बँकेच्या पासबुकासारखे, माझी नोंद कोणत्या खात्याने, कोणत्या तारखेला, कशासाठी पाहिली, याचा उतारा प्रत्येक खातेदाराला मागेल तेव्हा मराठीत मिळावा. संगणकाला हे अवघड नाही. कोणी कोणती नोंद उघडली हे टिपून ठेवायची सोय त्यात करता येते.

या मागण्यांचा ठराव आज संध्याकाळी मांडला जाईल. त्याबरोबर एक अर्जाचा नमुना वाटला आहे: माझ्या शेतकरी ओळख क्रमांकाखाली काय काय नोंदले आहे आणि ते कोणाकोणाला दिले, हे मला कळवावे. माहितीच्या अधिकाराखाली तो तहसीलदार आणि तालुका कृषी अधिकारी या दोघांकडे द्यायचा आहे. स्वतःची माहिती स्वतः मागताना समोरचा 'वैयक्तिक' म्हणून नाकारतो का, तेही कळेल. प्रत्येक गावातून निदान पाच अर्ज जावेत, त्यात दोन बायांचे असावेत. पोच घ्यायला विसरू नका. तीस दिवसांत जे उत्तर येईल, किंवा येणार नाही, ते घेऊन तालुक्याच्या बैठकीला या. तोवर वेचणीचे शेवटचे फेरे उरकलेले असतील.